एक्स्प्लेनर : वीकेंड ट्रेकची सॅक ५ किलोंनी हलकी कशी कराल? काय काढायचं, कशाला हात लावायचा नाही?

शुक्रवारी रात्री कसाऱ्याकडे जाणाऱ्या शेवटच्या लोकलमध्ये ट्रेकर्स लगेच ओळखू येतात. दारापाशी सॅकचा ढीग, प्रत्येक सॅकला बाहेरून लटकवलेली मॅट, बाटली, कधी चप्पल तर कधी ब्लूटूथ स्पीकर. शनिवारी सकाळी गडाचा चढ सुरू होतो तेव्हा उत्साह असतो. रविवारी दुपारी उतरताना मात्र अर्धा ग्रुप गुडघे धरून बसलेला असतो. मग दोष फिटनेसला दिला जातो. सॅकमध्ये नेमकं किती वजन होतं, हे बहुतेकांना माहीतच नसतं, कारण ते कधी मोजलेलंच नसतं.

शनिवार-रविवारच्या एका मुक्कामाच्या ट्रेकसाठी १५ ते १७ किलोंची सॅक खरंच लागते का? ती कमी करायला महागडं सामान घ्यावं लागतं का? आणि वजन कमी करण्याच्या नादात कोणत्या गोष्टी काढल्या तर जिवाशी खेळ होईल? समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचं

- एक रुपयाही खर्च न करता नेहमीची सॅक ४ ते ५ किलोंनी हलकी होऊ शकते.
- जादा वजनाचा खरा फटका चढताना नाही, उतरताना बसतो.
- पाणी, टॉर्च, पावसापासून संरक्षण, गरम कपडा आणि प्रथमोपचार यांत काटछाट करायची नाही.

वजन नेमकं कसलं मोजायचं?

सॅकच्या वजनाचे दोन भाग करावेत. पहिला भाग 'बेस वेट', म्हणजेच मूळ वजन. रिकामी सॅक, तंबू, स्लीपिंग बॅग, कपडे, भांडी, टॉर्च, पॉवर बँक अशा न संपणाऱ्या सगळ्या वस्तू यात येतात. दुसरा भाग संपणाऱ्या वस्तूंचा : पाणी, खाणं आणि शेगडीचा गॅस. हे वजन तासागणिक कमी होत जातं. मूळ वजन मात्र पायथ्यापासून माथ्यापर्यंत आणि परत पायथ्यापर्यंत तेवढंच राहतं. म्हणून कात्री आधी तिथे लावायची.

ही विभागणी अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या पायवाटांवर रूढ झाली. गिर्यारोहक रे जार्डिन यांनी १९९२ मध्ये पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल चालणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून हलक्या सॅकचा आग्रह धरला. त्यातून पुढे 'अल्ट्रालाइट' ही पद्धत वाढली. मूळ वजन १० पाउंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार किलोंच्या आत असेल तर सॅक अल्ट्रालाइट मानली जाते.

त्याच्या कितीतरी आधी, १९५५ मध्ये, ६७ वर्षांच्या एमा गेटवूड या आजींनी ३ हजार किलोमीटरहून लांब असलेली अपालाचियन ट्रेल एकटीने पूर्ण केली होती. त्यांच्याकडे ना सॅक होती, ना तंबू. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायात साधे कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा. प्रत्येकाने असंच करावं असं नाही. पण हलकं चालणं म्हणजे महागडं सामान, हा समज किती चुकीचा आहे ते यावरून कळतं.

५ किलो जास्त असले तर काय बिघडतं?

साधा हिशेब करू. गडाचा चढ ८०० मीटर उंचीचा धरला, तर ५ किलो वजन तेवढ्या उंचीवर नेण्यासाठी सुमारे ३९ हजार ज्यूल, म्हणजे जेमतेम ९ ते १० किलोकॅलरी ऊर्जा लागते. शरीराचे स्नायू खाल्लेल्या ऊर्जेपैकी सुमारे २० ते २५ टक्केच प्रत्यक्ष कामात बदलतात. हे धरलं तरी आकडा ४० किलोकॅलरींच्या आसपास जातो. अर्ध्या केळ्याइतका! फक्त ऊर्जेचा प्रश्न असता, तर सॅक हलकी करण्याऐवजी आणखी एक केळं खाल्लं असतं तरी भागलं असतं.

खरी गोष्ट उतरताना सुरू होते. तेच ८०० मीटर उतरताना प्रत्येक पावलाला सरासरी २० सेंटिमीटर उंची कमी होते असं धरलं, तर ४ हजार पावलं होतात. प्रत्येक पावलाला पुढच्या पायावर ते जादाचे ५ किलो येतात. ४ हजार गुणिले ५, म्हणजे दोन्ही गुडघ्यांनी मिळून दिवसभरात २० टन जादा वजन झेललं. हा आकडा सॅक शांतपणे ठेवल्यासारखी धरून काढलेला आहे. उंच पायरीवरून धप्पकन पाय टाकला की धक्का याहून मोठा असतो.

उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकसारखं काम करतात. या प्रकारच्या कामाने स्नायू जास्त दुखावतात. सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना मांड्या बोंबलतात त्या यामुळेच. मांड्या थकल्या की पाऊल हलकेच टेकवता येत नाही, तोल सांभाळायला वेळ लागतो आणि ओल्या कातळावर पाय सटकतो. म्हणजे जड सॅकचा प्रश्न फक्त दमण्याचा नाही, पडण्याचाही आहे.

सॅक किती जड चालेल?

ट्रेकर्समध्ये एक ढोबळ अंदाज वापरला जातो : मुक्कामाची सॅक शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत आणि एका दिवसाच्या ट्रेकची १० टक्क्यांच्या आसपास. हा काटेकोर वैद्यकीय नियम नाही, पण सुरुवात करायला उपयोगी आहे.

यात एक गोष्ट सुटते. १७ किलोंची सॅक ८५ किलो वजनाच्या माणसासाठी २० टक्के होते. तीच सॅक ५५ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ३१ टक्के होते. म्हणून ग्रुपमध्ये तंबू, शेगडी, शिधा 'सगळ्यांना सारखं' वाटणं दिसायला न्याय्य असलं, तरी हलक्या अंगाच्या मंडळींवर अन्याय करणारं असतं. वाटणी माणूस बघून करावी.

५ किलो जातात कुठे? एका सॅकचा हिशेब

हिवाळ्यातल्या एका मुक्कामासाठी साधारण भरली जाणारी सॅक उदाहरण म्हणून घेऊ. पहिला आकडा नेहमीच्या सॅकचा, दुसरा नवीन काहीही न घेता हलक्या केलेल्या सॅकचा. सगळे आकडे किलोंमध्ये.

- रिकामी सॅक (६० लिटर) : २.० → २.०
- दोघांचा तंबू : २.८ → १.४ (अर्धा जोडीदाराकडे)
- स्लीपिंग बॅग : १.५ → १.५
- फोमची मॅट : ०.४ → ०.४
- कपडे आणि टॉवेल : २.४ → १.१
- शेगडी आणि भांडी : १.३ → ०.५
- पॉवर बँक, चार्जर, टॉर्च, स्पीकर : १.१ → ०.५
- साबण, क्रीम, औषधं, किरकोळ : ०.८ → ०.४
- मूळ वजन : १२.३ → ७.८
- पाणी (३ लिटर) : ३.० → ३.०
- खाणं : १.९ → १.१
- एकूण : १७.२ → ११.९

५.३ किलो कमी झाले आणि पाण्याच्या आकड्याला हातही लावला नाही, हे लक्षात घ्या. आता हे कसं साधलं ते एकेक करून पाहू.

तंबू : आधी विचारा, लागणार आहे का?

सर्वात जड वस्तूचा प्रश्न सर्वात आधी. अनेक किल्ल्यांवर पुरातत्त्व किंवा वन विभागाने रात्रीच्या मुक्कामाला बंदी किंवा अटी घातलेल्या आहेत. हरिश्चंद्रगड, रतनगड हे तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. निघण्याआधी चौकशी करावी. मुक्काम पायथ्याच्या गावात होणार असेल, तर ओसरीवर किंवा घरात झोपायची सोय होते, पिठलं-भाकरी मिळते आणि तंबू, शेगडी, भांडी, शिधा असं सगळंच घरी राहतं. गावातल्या कुटुंबाला दोन पैसे मिळतात ते वेगळंच. अनेक ठिकाणी गावकरीच तंबू भाड्याने देतात.

तंबू न्यायचाच असेल तर त्याचे भाग वाटून घ्या. एकाकडे कापड, दुसऱ्याकडे काठ्या आणि खुंट्या. वाटणीत एक खबरदारी घ्यायची : दोघांनी शेवटपर्यंत एकत्र राहायचं. नाहीतर रात्री एकाकडे कापड आणि दुसऱ्याकडे काठ्या, अशी गंमत होते.

कपडे : 'असू दे' म्हणून भरलेले सगळ्यात जड

जीन्स एकटी अर्धा किलोच्या वर असते आणि भिजली की तिचं वजन आणखी वाढतं. सुती कापड पाणी धरून ठेवतं, लवकर वाळत नाही आणि गार वाऱ्यात अंगातली ऊब काढून घेतं. आंघोळीचा मोठा टॉवेलही तसाच. त्याऐवजी पातळ पंचा पुरतो. पंचा भिजला तरी तासाभरात वाळतो, उन्हात डोक्याला बांधता येतो आणि गरज पडली तर हात गळ्यात अडकवायला झोळी म्हणूनही चालतो.

एका मुक्कामाला चालण्याचे कपडे एक जोड (अंगावरचे), झोपायचे कोरडे कपडे एक जोड, मोज्यांचा जादा जोड, गरम जाकीट आणि रेनकोट किंवा पोंचो एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी घामट टी-शर्ट पुन्हा घालावा लागतो. फोटोत ते दिसत नाही.

शेगडी, भांडी, गॅजेट्स : ग्रुपला एक पुरे

चौघांच्या ग्रुपमध्ये चार प्रथमोपचार पेट्या, चार सुऱ्या आणि चार पॉवर बँका निघतात. निघण्याच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोण काय आणणार याची यादी टाकली, तर हा दुहेरी-तिहेरी बोजा टळतो. २० हजार एमएएचची पॉवर बँक साधारण ३५० ते ४५० ग्रॅम भरते, १० हजारची जवळपास निम्मी. फोन एअरप्लेन मोडवर ठेवला आणि नकाशा आधीच डाउनलोड केला, तर बॅटरी बरीच टिकते. कारण रेंज नसलेल्या भागात सिग्नल शोधण्यातच ती झपाट्याने उतरते. हातातला टॉर्च, कंदील आणि हेडटॉर्च यांपैकी हेडटॉर्च ठेवा, हात मोकळे राहतात. स्पीकर घरी ठेवा. गडावरच्या बाकीच्यांवर आणि कड्याकपारीतल्या मधमाश्यांवर उपकार होतील.

खाणं : किलोवर नाही, कॅलरीवर बघा

सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असतं, काकडीत ९५ टक्के. १०० ग्रॅम सफरचंदातून ५० च्या आसपास किलोकॅलरी मिळतात, तर १०० ग्रॅम शेंगदाण्यांतून साडेपाचशेहून जास्त. म्हणजे अर्धा किलो सफरचंदं वाहून जे मिळतं, ते मूठभर, साधारण ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून मिळतं. याचं कारण स्निग्धांश. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनांतून ४.

यासाठी परदेशी एनर्जी बारची गरज नाही. गूळ-शेंगदाणे, चिक्की, तिळाचे किंवा डिंकाचे लाडू, दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, खाकरा, सातूचं पीठ, तूप-मेतकूट हे सगळं कमी वजनात जास्त ताकद देणारं आणि दीड-दोन दिवस टिकणारं आहे. एखादं संत्रं किंवा लिंबू तोंडाला चव यावी म्हणून जरूर घ्या. काचेच्या बरण्या आणि स्टीलचे डबे टाळा, साध्या झिपच्या पिशव्या वापरा. रिकामी वेष्टनं त्याच पिशवीतून परत आणायची, तिथे टाकून सॅक हलकी करायची नाही.

पाणी : इथे काटछाट नाही, नियोजन

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यामुळे वजन कमी करायला निघालेल्याची नजर आधी बाटलीवर जाते. सह्याद्रीत ही चूक महागात पडते. मार्चनंतर उघड्या कातळावर सावली नसते, गडावरची टाकी आटू लागतात आणि पाणी संपलेल्या अवस्थेत वाट चुकली तर उष्माघात जिवावर बेतू शकतो. उन्हाळ्यात माणशी ३ ते ४ लिटर पाणी सोबत असावंच.

वजन वाचवायचं ते बाटलीत. एक लिटरची स्टीलची बाटली रिकामीच ३०० ग्रॅमच्या वर जाते, तर साधी प्लास्टिकची पाण्याची बाटली ३० ग्रॅमच्या आसपास. तीच बाटली पुन्हा पुन्हा वापरा आणि परत आणा. दुसरा मार्ग माहितीचा : वाटेत पाणी कुठे आहे आणि या महिन्यात ते आहे का, हे पायथ्याच्या गावात विचारा. राजगडावर पद्मावती माचीवर पाणी आहे, हरिश्चंद्रगडावर मंदिर परिसरात टाकी आहेत, पण कोणतं पाणी सध्या पिण्याजोगं आहे ते गावकरीच सांगू शकतात. भरवशाचा पाणवठा असेल तिथे पुन्हा भरून घेता येतं. काही ग्रॅमच्या क्लोरीनच्या गोळ्या त्यासाठीच जवळ ठेवायच्या.

बूट : पायातलं वजन वेगळं

पायातलं वजन पाठीवरच्या वजनासारखं नसतं, कारण ते प्रत्येक पावलाला उचलून पुढे फेकावं लागतं. अमेरिकी लष्करासाठी झालेल्या आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पायावरच्या वजनाला शरीरावरच्या तेवढ्याच वजनाच्या चार ते सहा पट ऊर्जा लागते असं आढळलं. म्हणजे दोन्ही बुटांत मिळून ४०० ग्रॅम कमी झाले, तर ते पाठीवरून दीड ते अडीच किलो उतरवल्यासारखं होतं. मात्र ओल्या बेसॉल्टवर पकड पहिली, वजन दुसरं. झिजलेल्या तळव्याचे हलके बूट घालून ग्रॅम वाचवण्यात काही अर्थ नाही.

भरायची कशी?

तेच १२ किलो नीट भरले तर हलके वाटतात. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की ती माणसाला मागे ओढते. तोल राखायला माणूस पुढे वाकतो आणि कंबर दुखते.

- तळाला स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे.
- मधे, पाठीला चिकटून पाणी, शिधा, भांडी अशा जड वस्तू.
- वरती आणि बाहेरच्या खिशात रेनकोट, खाऊ, टॉर्च, प्रथमोपचार.
- कमरेचा पट्टा बेंबीवर नाही, कमरेच्या हाडावर घट्ट बांधा. भार खांद्यांवरून कमरेवर जातो.
- बाहेर काहीही लटकवू नका. कातळटप्प्यावर लटकणारी मॅट खडकात अडकते आणि माणसाला बाहेर ढकलते.

पावसाळ्यात सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सामान त्यात भरा. रेनकव्हरच्या आतून पाणी झिरपतंच. भिजलेली स्लीपिंग बॅग जडही होते आणि निरुपयोगीही.

नवीन सामान घ्यायचं झालं तर?

आधी जुन्या सामानावर एक-दोन ट्रेक करा. मग क्रम ठेवा : सामान कमी झाल्यावर ६० लिटरच्या सॅकची गरज उरत नाही, तेव्हा सव्वा किलोच्या आतली ४० लिटरची सॅक. त्यानंतर किलोच्या आतली स्लीपिंग बॅग. वरच्या हिशेबात या दोन बदलांनी आणखी १.४ किलो कमी होऊन एकूण वजन १०.५ किलोंवर येतं. मोठी सॅक ठेवली तर रिकामी जागा भरण्याचा मोह होतोच.

परदेशी व्हिडिओ बघून कागदासारख्या पातळ कापडाची सॅक घेण्याची घाई मात्र नको. करवंदाच्या जाळ्या, कारवीची रानं आणि धारदार कातळ त्या कापडाला एका मोसमात फाडतात. हिवाळ्यात घाटमाथ्यावर रात्रीचं तापमान एक आकडी अंशांपर्यंत उतरतं. तिथे स्लीपिंग बॅगेऐवजी नुसती चादर नेणं म्हणजे रात्रभर जागरण आणि दुसऱ्या दिवशी थकल्या पायांनी उतरणं.

कशाला हात लावायचा नाही?

१. पुरेसं पाणी आणि एका वेळचं जादा खाणं
२. हेडटॉर्च, परत अंधाराआधी येणार असलात तरी
३. प्रथमोपचार आणि स्वतःची नेहमीची औषधं
४. गरम कपडा आणि रेनकोट किंवा पोंचो
५. शिट्टी, काडेपेटी किंवा लायटर, चार्ज असलेला फोन

हे सगळं मिळून, पाणी आणि खाणं सोडलं तर, दीड किलोच्या आत बसतं. काटछाट बाकीच्या सामानात करायची.

आज रात्री करता येईल असं

सॅक पूर्ण भरा. वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग सॅक घेऊन. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सॅकचं वजन. ते लिहून ठेवा. ट्रेकवरून आल्यावर सॅक रिकामी करताना तीन ढीग करा : रोज वापरलेलं, एकदाच वापरलेलं आणि बाहेरच न काढलेलं. तिसऱ्या ढिगातून संकटासाठीच्या वस्तू बाजूला काढा. जे उरेल, ते पुढच्या शुक्रवारी घरीच ठेवा. दोन-तीन ट्रेकमध्ये यादी आपोआप ठरते.